मधल्या खुर्चीचा इतिहास

डीव्हीडी प्लेअर स्वस्त झाले तेव्हा महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत एक मोठं खोकं येऊ लागलं. त्यात पाच छोटे स्पीकर, एक जाडजूड सबवूफर आणि वायरींची भेंडोळी असत. खोक्यावरच्या चित्रात दोन स्पीकर सोफ्याच्या मागे उभे दिसत. प्रत्यक्षात सोफा भिंतीला टेकलेला, मागे बोट शिरायला जागा नाही, आणि वायर न्यायची तर ती स्वयंपाकघराच्या दारातून आडवी जाणार. मग पाचही स्पीकर टीव्हीच्या शोकेसवर ओळीने बसत, गणपतीपुढे फळं मांडावीत तसे. घरात थिएटर आलं असं सगळ्यांना वाटे. आवाज मोठा झालेला असे, एवढं खरं.

त्या घरांना हसण्यात अर्थ नाही. आवाजाला जागा द्यायची तर ऐकणाऱ्यालाही एका जागी बसवावं लागतं, आणि माणसं तशी बसत नाहीत. भल्याभल्या इंजिनिअरांचं घोडं इथेच अडलं आहे.

आवाजाला जागा देऊ पाहणाऱ्यांतला पहिला क्लेमां आदेर. १८८१ साली पॅरिसच्या वीज प्रदर्शनात या फ्रेंच इंजिनिअरने ऑपेराच्या रंगमंचावर ओळीने टेलिफोनचे ट्रान्समीटर मांडले आणि त्यांच्या तारा प्रदर्शनाच्या दालनात आणल्या. ऐकणाऱ्याने दोन रिसीव्हर दोन कानांना लावायचे. एक मंचाच्या डाव्या अंगाचा, एक उजव्या. गायक मंचावर इकडून तिकडे गेला की आवाजही डोक्यात सरकल्यासारखा वाटे. लोक रांगा लावून ऐकत. खुर्चीचा प्रश्न आदेरला पडलाच नाही, कारण त्याचा स्पीकर प्रत्येकाच्या कानाला चिकटलेला होता.

प्रश्न पडला तो बोलपटांच्या थिएटरात. ॲलन ब्लूमलाइन हा लंडनच्या ईएमआय कंपनीतला इंजिनिअर १९३१ मध्ये होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला होता, असं सांगतात. पडद्यावरचा माणूस एका टोकाला आणि आवाज दुसरीकडून, हे त्याला सहन होईना. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने दोन वाहिन्यांच्या ध्वनीचं पेटंट दाखल केलं. दोन माइक कसे ठेवायचे, एकाच खाचेत दोन आवाज कसे कोरायचे, सगळं त्यात होतं. चाचणीच्या फिती त्याने स्वतःच केल्या. एकीत माणसं खोलीत चालता चालता बोलतात, तर दुसरीत हेज स्टेशनातून आगगाड्या जातात. आगगाडी ही तेव्हापासून स्पीकर विकणाऱ्यांच्या कामी आली आहे! ब्लूमलाइन ३८ वर्षांचा असताना, जून १९४२ मध्ये, रडारच्या चाचणीच्या विमान अपघातात गेला. त्याच्या नावावर १२८ पेटंटं होती, पण स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ साली.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने वेगळी वाट धरली. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाजणारा ऑर्केस्ट्रा तीन टेलिफोन तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवण्यात आला. तिकडे तीन माइक, इकडे तीन स्पीकर. ऑर्केस्ट्राचा नेहमीचा संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वॉशिंग्टनमध्ये बटणांपाशी बसला होता. दोनऐवजी तीन का, याचं उत्तर खुर्चीत आहे. दोन स्पीकर असतील तर मधोमध बसलेल्यालाच गायक मधोमध दिसतो, म्हणजे कानाला दिसतो. एक हात सरकून बसलात की गायकही जवळच्या स्पीकरात जाऊन बसतो. मधे खरोखरीचा स्पीकर ठेवला की कडेच्या खुर्चीतल्या प्रेक्षकालाही मधला आवाज मधूनच येतो. आज घराघरांत टीव्हीखाली जो आडवा सेंटर स्पीकर असतो, त्याचं मूळ या विचारात आहे. घरात एकटाच माणूस सिनेमा पाहत असता तर त्याची फारशी गरज नव्हती.

हाच स्टोकोव्स्की पुढे वॉल्ट डिस्नेच्या 'फँटेशिया'त आला. १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात हा सिनेमा लागला तेव्हा आवाज पडद्यामागून येत होताच, शिवाय प्रेक्षकांच्या बाजूच्या भिंतींतूनही येत होता. आवाज वेगळ्या फिल्मवर, आणि कोणत्या स्पीकरला किती द्यायचा हे सांगणारी खुणेची पट्टी त्याच फिल्मवर. यंत्रसामग्री इतकी महाग आणि अवजड होती की ती फारच थोड्या गावांत पोचली. मग महायुद्धाने उरलंसुरलं बंद पाडलं. १९५३ च्या सिनेमास्कोपमध्ये मागचे स्पीकर परत आले. पडद्यामागच्या तीन पट्ट्यांना जोडून चौथी पट्टी प्रेक्षागृहासाठी होती. पण चुंबकीय पट्टी सतत सूं करत राहते, आणि मागून येणारा सूं आवाज प्रेक्षकाला लगेच खटकतो. म्हणून त्या पट्टीवर १२ किलोहर्ट्झचा खुणेचा सूर भरत. तो असेपर्यंतच मागचे स्पीकर चालू राहत, एरवी बंद.

मुंबईकरांना मागच्या स्पीकरची खरी ओळख झाली ती 'शोले'ने. १९७५ चा हा सिनेमा ७० मिलिमीटरच्या प्रतींवर सहा पट्ट्यांच्या ध्वनीसह मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक चालला. अमिताभने नाणं उडवलं की ते आपल्याच खुर्चीखाली पडलं असं वाटून लोक वाकून पाहत, ही गोष्ट त्या पिढीतले अजून सांगतात. त्या ध्वनिमिश्रणात मंगेश देसाईंचं नाव आहे. परळच्या राजकमल स्टुडिओतल्या या माणसाकडे सत्यजित राय यांच्यासारखे दिग्दर्शक मिश्रणासाठी कलकत्त्याहून येत. मराठी सिनेमाच्या इतिहासात नटांवर जेवढी पानं खर्ची पडतात त्याच्या दशांशही देसाईंच्या वाट्याला आलेली नाहीत, हे बरं नव्हे.

घरात मात्र गाडी याच काळात रुळावरून घसरली होती. १९७० च्या सुमारास कंपन्यांनी चार स्पीकरचा 'क्वाड्राफोनिक' थाट बाजारात आणला. सीबीएसची पद्धत एक, सान्सुईची दुसरी, जेव्हीसीची तिसरी. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट उलगडत नसे. जेव्हीसीच्या तबकडीत मागच्या वाहिन्यांची माहिती ३० किलोहर्ट्झच्या, म्हणजे कानाला ऐकूच न येणाऱ्या, लहरीवर चढवलेली असे. ती वाचायला सुईचं टोकही खास घडवावं लागे. तबकडी जरा झिजली की मागून खरखर. शिवाय मालकाने चाचणीची तबकडी लावून, एकेक स्क्रू फिरवत डावं-उजवं, पुढचं-मागचं वेगळं करायचं. घरच्या घरी सराउंड 'लावण्या'ची कला इथून सुरू झाली, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटला. चार कोपऱ्यांच्या नेमक्या मध्यावर एकट्याने बसायचं, म्हणजे दिवाणखान्याच्या भर मध्यावर खुर्ची मांडायची! दशक संपायच्या आत हा धंदा बुडाला.

त्या गोंधळातून एक स्वस्त आणि हुशार युक्ती मात्र तगली. डायनॅको कंपनीच्या डेव्हिड हॅफलरने दाखवलं की साध्या स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या 'प्लस' टोकांच्या मधे मागचा स्पीकर जोडला तर त्यातून दोन्ही बाजूंचा फरक तेवढा ऐकू येतो. मधला गायक दोन्हीकडे सारखाच असतो म्हणून वजा होतो. उरतो सभागृहाचा घुमारा, टाळ्या, हवा. खर्च दोन स्पीकरचा आणि थोड्या वायरीचा.

पुढची सगळी भरभराट याच वजाबाकीवर उभी राहिली. रे डॉल्बी हा अमेरिकन तंत्रज्ञ १९६३ ते १९६५ युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता. चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत त्याचं काम चाले. इथून तो लंडनला गेला आणि त्याच वर्षी त्याने स्वतःची प्रयोगशाळा काढली. टेपची सूंसूं घालवणं हा तिचा पहिला उद्योग. सत्तरच्या दशकात याच कंपनीने डावा, उजवा, मधला आणि मागचा असे चार आवाज दोन पट्ट्यांत दुमडून बसवले. १९७७ चा 'स्टार वॉर्स' गाजल्यावर थिएटरवाल्यांनी या यंत्रांसाठी रांग लावली. गंमत अशी, की दुमडलेल्या त्या दोन पट्ट्या सिनेमाबरोबर स्टीरिओ व्हिडिओ कॅसेटवरही उतरल्या. चौथा आवाज लोकांच्या घरी पोचला होता आणि लोकांना पत्ता नव्हता. १९८२ मध्ये तो उलगडणारी घरगुती यंत्रं आली, १९८७ च्या डॉल्बी प्रोलॉजिक यंत्रणेने मधला स्पीकरही दिला. कानामागून आले आणि तिखट झाले, ही म्हण मागच्या स्पीकरांना शब्दशः लागू पडते.

तिखटपणा आवरण्याचं शास्त्र आधीच तयार होतं. जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन इथे हेल्मुट हासने १९४९ च्या प्रबंधात दाखवलं होतं की एकच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या फरकाने आला तर कान पहिल्या आवाजाची दिशा खरी मानतो, दुसरा थोडा मोठा असला तरीही. दुमडलेले आवाज उलगडताना संवादाचा थोडा अंश मागे गळतोच. म्हणून मागच्या स्पीकरला मुद्दाम उशीर लावायचा: थिएटरात जास्त, घरात सुमारे २० मिलिसेकंद. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा हा उशीर म्हणजे स्पीकर जवळपास सात मीटर मागे सरकवण्यासारखं आहे. दहा बाय बाराच्या खोलीत भिंत न पाडता मिळालेली ही जागा! त्याच यंत्रांत एक बटण दाबलं की प्रत्येक स्पीकरमधून पाळीपाळीने 'फस्स' असा आवाज येई. तो सगळीकडून सारखा ऐकू येईपर्यंत खुर्चीत बसून पातळी जुळवायची. हौशी मंडळी त्यासाठी डेसिबल मोजणारा हातातला मीटर बाळगत. ७५ डेसिबल हा तेव्हा रुळलेला आकडा आजही चालतो.

'५.१' हा शब्द टॉमलिन्सन होलमनचा. 'स्टार वॉर्स'कार जॉर्ज लुकसच्या कंपनीत थिएटरांच्या ध्वनीसाठी १९८३ मध्ये टीएचएक्स मानक आणणारा हाच माणूस. पॉइंट एक म्हणजे फक्त खर्जाची वाहिनी. हिशेबाने ती पूर्ण वाहिनीच्या शंभराव्या भागाहूनही लहान भरते, पण ५.००५ असं नाव कोण घेणार? १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'ने डॉल्बी डिजिटल आणि १९९३ च्या 'जुरासिक पार्क'ने डीटीएस थिएटरात आणलं. १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये डीव्हीडी आली आणि पाठोपाठ ते वर सांगितलेलं खोकं. मागचे दोन स्पीकर आता खरोखर वेगवेगळे झाले. आंतरराष्ट्रीय शिफारशीने त्यांची जागाही ठरवून दिली: समोरचे दोन मध्यापासून ३० अंशांवर, मागचे १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेच्या किंचित मागे. शोकेसवर नव्हे.

यंत्रं जुळली तरी खोली उरतेच. हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने १८९५ साली एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचा प्रश्न हाती घेतला. शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत होता. सॅबिन रात्री शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनचा पाइप वाजवून घड्याळात वेळ मोजायचा आणि सकाळी गाद्या परत पोचवायचा. आपल्याकडच्या फरशी, काच आणि उघड्या भिंतींच्या खोल्यांना आजही तीच मात्रा लागू पडते: जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचं कपाट, गादी. महागड्या वायरीवर पैसे घालण्याआधी एवढं करून पाहावं.

खर्जाला मात्र गादी पुरत नाही. बारा फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झचा सूर दोन भिंतींमधे अडकून उभा राहतो. भिंतींपाशी तो धमधमतो आणि लांबीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. ज्या मधल्या खुर्चीसाठी एवढा खटाटोप केला, तिथेच खर्ज पोकळ! म्हणून जाणकार खुर्ची डाव्या-उजव्याच्या मध्यावर ठेवतात, पण पुढून-मागून मध्य टाळतात. सबवूफरची जागा शोधायची जुनी रीत तर पाहण्यासारखी असते. सबवूफर सोफ्यावर ठेवायचा, खर्जातलं गाणं लावायचं आणि मालकाने जमिनीवर रांगत भिंतीकडेने फिरायचं. जिथे खर्ज नीट, सपाट ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवायचा.

२००० नंतर हे रांगणं पुष्कळ कमी झालं. होम थिएटरच्या रिसीव्हरसोबत छोटा माइक येऊ लागला आणि अंतर, पातळी, खोलीचे दोष यंत्र स्वतः मोजू लागलं. मोजताना पंखा बंद ठेवावा लागतो. पाचवर फिरणाऱ्या पंख्याखाली घेतलेलं माप कामाचं नाही. यंत्राने सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा मीटर-दोन मीटर जास्त दाखवलं की लोक मोजपट्टी आणून ते 'दुरुस्त' करतात आणि लागलेलं बिघडवतात. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला जो उशीर होतो, तो यंत्राने अंतर म्हणून धरलेला असतो.

२०१२ मध्ये 'ब्रेव्ह' या ॲनिमेशनपटापासून डॉल्बी ॲटमॉसने छतालाही स्पीकर लावले, आणि १२८ पर्यंत पट्ट्या ६४ पर्यंत स्पीकरांना वाटून देण्याची सोय केली. आवाज आता स्पीकरचा राहिला नाही. खोलीतल्या अमुक बिंदूवर तो हवा, एवढंच फितीत लिहिलेलं असतं आणि हाताशी असलेल्या स्पीकरांतून तो तिथे कसा उभा करायचा हे यंत्र ठरवतं. २०१४ पासून हे घरातही आलं. होलमन ज्या विद्यापीठात शिकवत त्या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या संशोधकांच्या ऑडिसी कंपनीचं मोजमाप आज अनेक रिसीव्हरांत असतं. सोफ्यावरच्या सगळ्यांना न्याय मिळावा म्हणून ते आठपर्यंत जागी माइक ठेवायला सांगतं. पण स्पीकरांची अंतरं आणि पातळ्या ठरतात त्या पहिल्याच मापावर, आणि पहिलं माप घ्यायचं असतं मधल्या खुर्चीत, कानाच्या उंचीवर.