स्लाऊची फोर्ड जीटी४०

फोर्ड जीटी४० ही दोन आसनांची, चालकाच्या पाठीमागे इंजिन असलेली शर्यतीची मोटार होय. तिची उंची जेमतेम ४० इंच, म्हणजे सुमारे १०२ सेंटिमीटर. नावातील आकडा त्यावरूनच आला. अमेरिकी कंपनीने फेरारीवर मिळविलेल्या विजयाचे प्रतीक म्हणून ती ओळखली जाते. तिची घडण मात्र लंडनच्या पश्चिमेस असलेल्या स्लाऊ या गावाशी निगडित आहे.

१९६३ मध्ये फेरारी विकत घेण्याची फोर्डची बोलणी फिसकटली. तेव्हा फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीतच फेरारीला नमविण्याचा निर्धार फोर्डने केला. एरिक ब्रॉडली यांच्या लोला गाडीच्या आधारे काम सुरू झाले. त्यासाठी स्लाऊच्या औद्योगिक वसाहतीत ‘फोर्ड ॲडव्हान्स्ड व्हेइकल्स’ हा कारखाना स्थापन झाला. त्याची धुरा जॉन वायर यांच्याकडे होती. पहिली गाडी एप्रिल १९६४ मध्ये लोकांसमोर आली.

गाडी इतकी ठेंगणी की आत शिरणे सुलभ व्हावे म्हणून दरवाजे थेट छतापर्यंत कापलेले असत. उघड्या टपाच्या मोजक्याच गाड्या बनल्या. त्यांपैकी एक १९६५ मध्ये सिसिलीतील ‘टार्गा फ्लोरिओ’ शर्यतीत धावली, पण ती पूर्ण करू शकली नाही. त्याच वर्षी पोर्शने आपल्या काढता येणाऱ्या छताच्या ९११ गाडीला याच शर्यतीवरून ‘टार्गा’ हे नाव दिले आणि पुढे ते अशा छताचेच नाव होऊन बसले.

१९६४ व १९६५ या दोन्ही वर्षी ल माँमध्ये फोर्डच्या पदरी अपयश आले. शर्यतींची सूत्रे अमेरिकेतील कॅरोल शेल्बी यांच्याकडे गेली आणि १९६६ मध्ये पहिले तिन्ही क्रमांक फोर्डने पटकाविले. त्यानंतर फोर्डने स्लाऊतून अंग काढून घेतले. वायर आणि जॉन विलमेंट यांनी तेच काम ‘जेडब्ल्यू ऑटोमोटिव्ह’ या नावाने चालू ठेवले.

१९६८ पासून प्रोटोटाइप गाड्यांच्या इंजिनांवर तीन लिटरची मर्यादा आली. परंतु किमान ५० नग तयार झालेल्या स्पोर्ट्स गाड्यांना पाच लिटरपर्यंत मुभा होती. स्लाऊतील उत्पादनामुळे जीटी४० या अटीत बसली. परिणामी जुनी ठरू पाहणारी ही गाडी १९६८ आणि १९६९ मध्ये पुन्हा जिंकली. दोन्ही वेळी विजयी ठरलेली गाडी एकच होती : १०७५ क्रमांकाची. १९६९ मध्ये जॅकी इक्स यांनी पोर्शला अवघ्या शंभरेक मीटरच्या अंतराने मागे टाकले. मूळ कंपनीने सोडून दिलेल्या कारखान्याचे हे यश होते.