नागरी सहकारी बँका : नियमनातील बदल आणि ठेवीदारांचे संरक्षण

विकसनशील अर्थव्यवस्थांमध्ये सामान्य कुटुंबांची बचत मोठ्या प्रमाणावर लहान, स्थानिक बँकांत असते; तेथील देखरेख मात्र अनेकदा अपुरी पडते. भारतातील नागरी सहकारी बँकांचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे.

बँकिंग नियमन कायदा, १९४९ मधील तरतुदी १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांना लागू झाल्या. परवाना आणि बँकिंग व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे, तर नोंदणी, निवडणुका व व्यवस्थापन सहकार निबंधकांकडे, अशी विभागणी झाली. एकाच राज्यात कार्यरत असलेल्या बँकेचे संचालक मंडळ हटविण्यासाठी रिझर्व्ह बँकेला निबंधकांवर विसंबून राहावे लागत असे.

मुंबईस्थित पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध घातले. ठेवीदारांना सुरुवातीस सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. एकाच बांधकाम उद्योगसमूहाला दिलेली प्रचंड कर्जे बनावट खात्यांआड दडविण्यात आल्याचे तपासात आढळले. ही बँक बहुराज्यीय असल्याने तिचे संचालक मंडळ बरखास्त करण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेकडे होता. तो वापरला जाईपर्यंत मात्र हानी झाली होती.

त्यानंतर तीन महत्त्वाचे बदल झाले. १९९३ पासून १ लाख रुपये असलेली ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये झाली. २०२० च्या दुरुस्ती कायद्याने सहकारी बँकांचे व्यवस्थापन, लेखापरीक्षण व विलीनीकरण यांबाबत रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढविले. २०२१ च्या दुरुस्तीनुसार, पैसे काढण्यावर निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारांना विम्याची रक्कम साधारणतः ९० दिवसांत देणे बंधनकारक ठरले. पूर्वी बँक अवसायनात निघेपर्यंत वाट पाहावी लागे.

पंजाब अँड महाराष्ट्र बँक २५ जानेवारी २०२२ रोजी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवींच्या परतफेडीचे हप्ते मात्र दहा वर्षांपर्यंत विभागले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी, प्रामुख्याने ठेवींच्या आकारमानावर आधारित, चार स्तरांची नियमन चौकट जाहीर झाली.

विमा आणि वाढीव अधिकार ठेवीदाराचे नुकसान कमी करू शकतात. दडविलेले कर्ज वेळीच उघडकीस आणणे हे काटेकोर तपासणी व निःपक्ष लेखापरीक्षणाचेच काम आहे. सुधारणांची खरी कसोटी तेथेच लागणार आहे.