सालीखालचे आखूडपंखी

वाळत चाललेल्या झाडाची साल खोडापासून सुटू लागली की आतला ओलसर थर आंबतो. तिथे माश्यांच्या अळ्या आणि साल पोखरणारे किडे वस्तीला येतात आणि त्यांना खायला आखूडपंखी भुंगेरे. कीटकशास्त्रात यांचे कुल स्टॅफिलिनिडी. जगात त्याच्या ६०,००० हून अधिक जाती नोंदल्या आहेत. पाठीवरचे कठीण पंख बंडीसारखे तोकडे, पोट उघडे. त्यामुळे चिंचोळ्या फटीतही हा भुंगेरा अंग हवे तसे वळवतो. उडायचे पातळ पंख त्या बंडीखाली घड्या घालून ठेवलेले असतात. इतक्या थोड्या जागेत ती घडी कशी मावते, हे खरोखर थक्क करणारे आहे.

या कुलाला ज्या प्रजातीवरून नाव मिळाले, तिचे नाव लिनिअसने १७५८ साली दिले. दख्खनमध्ये मात्र लक्ष गेले ते आधी मोठ्या प्राण्यांकडे. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी कर्नल साइक्स याने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. आखूडपंखी भुंगेऱ्यांना जवळजवळ शंभर वर्षे थांबावे लागले. ब्रिटिश नौदलातला डॉक्टर माल्कम कॅमरन याने 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेत १९३० ते १९३९ दरम्यान त्यांच्यावर खंड लिहिले. भारतातला अभ्यासक आजही तिथूनच सुरुवात करतो.

पुढचा धागा पिंपरी-चिंचवडला पोचतो. १९१६ साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ साली पुण्यात सुरू झाले. आता ते आकुर्डीत, कारखान्यांच्या शेजारी आहे. विभागाने 'फॉना ऑफ महाराष्ट्र' हा राज्याच्या प्राण्यांचा ग्रंथ २०१२ साली काढला.

हे भुंगेरे जमवण्याची रीत फारशी बदललेली नाही. खोडाखाली पांढरे कापड अंथरायचे, चाकूने साल उचकटायची आणि पळणारा भुंगेरा नळीने ओढून घ्यायचा. अनेक जाती इतक्या लहान असतात की टाचणी टोचता येत नाही. त्या कागदाच्या त्रिकोणी टोकावर डिंकाने चिकटवतात. ओळख पटते ती सूक्ष्मदर्शकाखाली, बहुधा नराच्या जननेंद्रियाच्या आकारावरून.

सालीखालचे हे घर थोड्या दिवसांचे असते. साल गळून पडली की ओल जाते, अळ्या जातात, शिकारीही दुसरे खोड शोधतात. म्हणून पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात वाळलेले झाड तोडून लगेच उचलले, की या भुंगेऱ्यांचा निवाराच नाहीसा होतो. जिथे कोणाला धोका नाही, तिथे असे खोड उभे राहू द्यायला हवे.