झोप आणि नसांचं दुखणं : यूकेमधल्या आपल्या मंडळींसाठी माहिती

नसांचं दुखणं म्हणजे मार लागल्याचं किंवा सांध्याचं दुखणं नव्हे. इथे नस स्वतःच बिघडलेली असते, आणि जखम नसतानाही ती मेंदूला दुखण्याचा निरोप पाठवत राहते. तळपायांची आग, मुंग्या, सुया टोचल्यासारखं वाटणं, विजेचा झटका बसल्यासारखी कळ, चादरीचा स्पर्शही सहन न होणं, ही त्याची लक्षणं. त्याच जागी बधिरपणाही असू शकतो. साधी पॅरासिटामॉल या दुखण्यावर फारशी चालत नाही.

सर्वात जास्त आढळणारं कारण म्हणजे मधुमेह. दक्षिण आशियाई लोकांना टाइप २ मधुमेहाचा धोका जास्त असतो. म्हणूनच इथे आपल्यासाठी वजनाची धोक्याची रेषा बीएमआय २३ पासून धरतात, गोऱ्या लोकांसाठी ती २५ आहे. नागीण होऊन गेल्यावर राहणारं दुखणं, बी१२ची कमतरता, जास्त दारू, केमोथेरपी, कंबरेत दबलेली नस आणि मनगटात दबलेली नस ही इतर कारणं आहेत.

रात्रीच जास्त का दुखतं?

दिवसा कामात, बोलण्यात लक्ष वाटलं जातं. रात्री घर शांत होतं आणि मेंदूला ऐकायला फक्त नसांचाच आवाज उरतो. शिवाय मधुमेहातलं आणि नागिणीनंतरचं दुखणं दिवस कलताना वाढत जातं, असं अभ्यासांत दिसलं आहे. मनगटाची नस दबली असेल तर झोपेत मनगट वाकतं आणि हात झटकत उठावं लागतं. अशा वेळी रात्री मनगटाला पट्टी, म्हणजे स्प्लिंट, बांधून बराच फरक पडतो.

झोप बिघडली की दुखणं वाढतं

दुखतं म्हणून झोप लागत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण उलटंही तितकंच खरं आहे. २०१९ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात निरोगी तरुणांना रात्रभर जागं ठेवून पायाला उष्णतेचा चटका दिला. जागरणानंतर त्यांना कमी उष्णतेलाच दुखू लागलं. मेंदूत वेदना जाणवणारा भाग जास्त पेटलेला दिसला, आणि ती आवरणारे भाग मंदावलेले दिसले.

इंग्लंडमधला अभ्यास आपल्याला आणखी जवळचा. सध्या वॉरविक विद्यापीठात असलेल्या निकोल टँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली जुनाट दुखण्याच्या ११९ रुग्णांची आठवडाभर नोंद ठेवली. झोपताना किती दुखत होतं यावरून रात्र कशी जाईल हे नीट सांगता येत नव्हतं. अंथरुणात डोक्यात किती विचार चालू होते, यावरून ते जास्त कळत होतं. आणि ज्या रात्री झोप चांगली झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी, विशेषतः सकाळच्या वेळात, दुखणं कमी होतं. म्हणजे दुखणं पूर्ण थांबायची वाट न पाहता झोप सुधारायला लागता येतं.

घोरणं हसण्यावारी नेऊ नका

आपल्याकडे घोरणाऱ्या माणसाला गाढ झोप लागली असं म्हणतात. पण घोरता घोरता श्वास अडकत असेल, सकाळी डोकं जड होत असेल, दुपारी बसल्या बसल्या डुलकी लागत असेल, तर तो स्लीप अॅप्निया असू शकतो. बर्मिंगहॅममध्ये टाइप २ मधुमेहाच्या दक्षिण आशियाई आणि गोऱ्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, अॅप्निया असलेल्यांत नसांचा बिघाड जास्त प्रमाणात सापडला. एकामुळेच दुसरं होतं असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण तपासणी मागायला एवढं कारण पुरेसं आहे. जीपी स्लीप क्लिनिककडे पाठवतात. अॅप्नियामुळे दिवसा फार झोप येत असेल तर गाडी चालवू नये, आणि डीव्हीएलएला कळवायचे नियमही लागू होतात.

रात्री पाय सतत हलवावेसे वाटत असतील, चालल्यावर बरं वाटत असेल, तर तो रेस्टलेस लेग्जचा त्रास असू शकतो. त्यासाठी रक्तातलं लोह तपासून घ्यावं.

औषधं आणि झोप

नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार इथे नसांच्या दुखण्यावर सुरुवातीला चार औषधांपैकी एक देतात : अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन, गाबापेंटिन किंवा प्रीगाबालिन.

- अमिट्रिप्टिलीनने झोप येते, म्हणून ती संध्याकाळी घेतात. वयस्कर माणसांना तोल जाणं, लघवी अडणं असे त्रास होऊ शकतात. रेस्टलेस लेग्ज असतील तर ते वाढू शकतात.
- ड्युलोक्सेटीनने काहींची झोप उडते. तसं झालं तर ती सकाळी घेता येईल का, हे फार्मासिस्टला विचारा.
- गाबापेंटिन आणि प्रीगाबालिनने गुंगी येते. एप्रिल २०१९पासून यूकेत ती नियंत्रित औषधं आहेत. मावशीची गोळी काकांना द्यायची, असं मुळीच करू नये. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका असतो.

यातली कुठलीही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका. मधुमेहासाठी बराच काळ मेटफॉर्मिन घेत असाल तर बी१२ तपासायला सांगा, कारण त्या गोळीने बी१२ कमी होऊ शकतं.

झोपेसाठी काय करावं

महिनोन्‌महिने झोप लागत नसेल तर पहिला उपाय गोळी नव्हे, तर सीबीटी-आय ही पद्धत आहे. जीपीकडे ती नाव घेऊन मागा. तिच्यातल्या काही गोष्टी घरी करता येतात :

- उठायची वेळ रोज एकच ठेवावी, शब्बाथलाही.
- अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत शांत बसावं. झोप आली की परत यावं.
- शब्बाथच्या जेवणानंतर दोन-तीन तास ताणून देऊ नये. अर्धा तास पुरे, आणि तोही तीनच्या आत.
- जूनमध्ये लंडनला सूर्य सव्वानऊनंतर मावळतो आणि पावणेपाचच्या सुमारास उगवतो. शब्बाथ उशिरा सुरू होतो, जेवणही उशिरा होतं. तेव्हा जाड पडदे लावा आणि रात्री हलकं खा. हिवाळ्यात सकाळच्या उजेडात थोडं चालून या.
- झोप यावी म्हणून व्हिस्की घेऊ नये. दारूने मध्यरात्री झोप मोडते आणि नसाही खराब होतात. किद्दुशला आपल्या कोकणातल्या रितीचं मनुकांचं शरबत आहेच. मधुमेह असेल तर घोटभरच घ्यावं.

इथल्या थंडीतली एक धोक्याची गोष्ट

पाय गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा हीटर पायाशी लावला जातो. बधिर पायाला चटका कळत नाही, आणि सकाळी फोड दिसतो. मधुमेह्यांमध्ये अशा जखमेतून पुढे बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. अंथरूण आधी गरम करून पिशवी काढून ठेवा, सैल लोकरी मोजे घाला. पाय रोज बघा, वाकता येत नसेल तर आरसा धरा. मधुमेह असलेल्यांची वर्षातून एकदा पायांची तपासणी होते, ती चुकवू नका. फोड, जखम किंवा पायाचा बदललेला रंग दिसला तर त्याच दिवशी जीपी किंवा पायांच्या क्लिनिकला कळवा.

डॉक्टरांना कसं सांगायचं

वेळ दहा मिनिटांचा असतो, आणि आपली मोठी माणसं ‘बरं आहे’ म्हणून मोकळी होतात. मुलांना त्रास नको म्हणून रात्रीचं जागरण लपवतात. त्यापेक्षा दोन आठवडे वहीत लिहा : किती वाजता झोपलो, किती वेळा उठलो, दुखणं दहापैकी किती, कुठल्या गोळ्या घेतल्या. आग होते त्याला बर्निंग, मुंग्यांना पिन्स अँड नीडल्स, बधिरपणाला नंबनेस म्हणा. इंग्रजी अडत असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषा मागा. त्याचे पैसे पडत नाहीत.

थांबू नये अशी लक्षणं : दोन्ही पायांत अचानक कमजोरी, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं. लगेच ए अँड ईला जा. चेहरा वाकडा झाला, एक हात उचलत नसला किंवा बोलणं अडखळलं तर ९९९ फिरवा. शब्बाथ असो की किप्पुर, जीव वाचवणं आधी. किप्पुरचा उपास धरायचा असेल तर मधुमेह्यांनी काही आठवडे आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं.