फुंकर, कुलूप आणि ७२ पिना

#थ्रेड #इतिहास

(१/११) व्हिडिओ गेम चालला नाही की कॅसेट बाहेर काढायची, तिच्या तोंडाशी फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. हा उपाय न्यूयॉर्कच्या मुलांना ठाऊक होता, तसाच नाशिकच्याही. निन्टेन्डो कंपनीने तर फुंकर मारू नका, असेच बजावले होते. अमेरिकेतील यंत्रांचा खरा दोष बहुधा धुळीत नसे. त्याचे मूळ शोधायला १९८३ सालात जावे लागते.

(२/११) त्या वर्षी अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. १९७७ साली आलेल्या अटारीच्या यंत्रासाठी कोणीही कॅसेट बनवू शकत असे. ती नाकारण्याची सोयच यंत्रात नव्हती. सुमार खेळांचा पूर आला आणि दुकानदारांच्या गळ्यात माल पडला. अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगॉर्डो येथे पुरला. २०१४ साली तेथे उत्खनन झाले, तेव्हा सुमारे १,३०० कॅसेट हाती लागल्या.

(३/११) याच वर्षी, १५ जुलै १९८३ रोजी, निन्टेन्डोचा ‘फॅमिकॉम’ जपानमध्ये विक्रीस आला. मासायुकी उएमुरा हे त्याचे मुख्य अभियंता. कॅसेट वरून सरळ खाली बसे, तिला ६० संपर्कबिंदू होते आणि कुलूप कोणतेच नव्हते. कंट्रोलरवरील फुलीच्या आकाराचे बटण गुन्पेई योकोई यांच्या १९८२ सालच्या हातातल्या खेळण्यातून आले होते.

(४/११) अमेरिकेत मात्र ‘व्हिडिओ गेम’ हा शब्दच दुकानदारांना नकोसा झाला होता. म्हणून यंत्राला ‘एंटरटेनमेंट सिस्टिम’ असे नाव मिळाले. रचनाकार लान्स बार यांनी त्याला व्हीसीआरसारखे करडे, चौकोनी रूप दिले. झाकण उघडायचे, कॅसेट आत सरकवायची, मग खाली दाबायची. १९८५ च्या उत्तरार्धात न्यूयॉर्क परिसरात विक्रीला प्रारंभ झाला.

(५/११) या वेषांतराची किंमत यंत्राच्या आतल्या भागाला मोजावी लागली. कॅसेट सरकताना सैल राहील आणि दाबल्यावर घट्ट धरेल, असा ७२ पिनांचा जोड त्यात बसवला होता. प्रत्येक वापरात पिना किंचित वाकत. वर्षांमागून वर्षे गेली, तशी त्यांची लवचिकता सरली. कॅसेटच्या संपर्कपट्ट्यांवर मळ आणि गंज चढला तो वेगळाच.

(६/११) १९८३ ने शिकवलेला दुसरा धडा म्हणजे कुलूप. यंत्रात एक चिप होती आणि तिची जोडीदार अधिकृत कॅसेटमध्ये. यंत्र सुरू होताच दोघी एकाच तालात तेच गणित करू लागत. ताल चुकला की यंत्र साधारण दर सेकंदाला स्वतःला नव्याने सुरू करी. लुकलुकणारा लाल दिवा तो हाच. कॅसेट अनधिकृत आहे की नुसती पिन सैल आहे, हा फरक कुलपाला कळत नसे.

(७/११) मग मूल फुंकर मारी आणि खेळ सुरू होई. कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे पिनांना नीट टेकण्याची नवी संधी मिळे. श्रेय मात्र फुंकरीला जाई. श्वासातील ओलावा धातूला हळूहळू गंजवत राही.

(८/११) कुलपावरून न्यायालयीन लढाईही झाली. अटारी गेम्सने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला खोटे कारण सांगून कुलपाच्या प्रोग्रॅमची प्रत मिळवली आणि आपली ‘किल्ली’ घडवली. १९९२ साली अपील न्यायालयाचा कौल तिच्या विरोधात गेला. पुढल्याच वर्षी निन्टेन्डोने यंत्राची नवी आवृत्ती आणली. तिच्यात कॅसेट पुन्हा वरून बसू लागली आणि कुलूपही गेले.

(९/११) नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील घरांत पोहोचलेली अनेक यंत्रे फॅमिकॉमच्या स्वस्त नकला होत्या. त्यांच्यात कुलूप नव्हते, म्हणूनच एकाच कॅसेटवर शेकडो, हजारो खेळ असल्याचा दावा खपून जाई. लुकलुकत्या दिव्याचा तो आजार या यंत्रांना नव्हता. त्यावरचा उपाय मात्र इथेही होता. येथे अडथळा असे तो मळक्या किंवा झिजलेल्या संपर्कपट्ट्यांचा.

(१०/११) फॅमिकॉमचे उत्पादन २००३ साली थांबले. २००७ साली सुटे भाग संपत आल्याने निन्टेन्डोने जपानमधील दुरुस्तीही बंद केली. तेव्हापासून हे काम संग्राहकांकडे आले. संपर्कपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या जातात. कंट्रोलर उघडून बटणांखालचे रबर स्वच्छ करतात. जुना जोड पाण्यात उकळून पूर्ण वाळवला, तर पुष्कळदा तो पुन्हा कामाला येतो. नवा जोडही मिळतो. पण काहींची पकड इतकी घट्ट असते की कॅसेट ओढून काढावी लागते.

(११/११) आणखी एक खात्रीचा उपाय आहे: कुलपाच्या चिपचा चौथा पाय तोडणे. मग दिवा लुकलुकत नाही आणि यंत्र नवे असतानाही चालले नसेल इतके बिनतक्रार चालते. पण १९८३ च्या धास्तीचा जो पुरावा त्या चिपमध्ये होता, तो त्यासरशी निकामी होतो. खेळणाऱ्याला चालते यंत्र हवे असते, इतिहासाला मूळ यंत्र. काळजीपूर्वक काम करणारा दुरुस्तीकार म्हणून तो पाय तोडत नाही. डाग वितळवून नुसता वर उचलतो, म्हणजे पुढे कोणाला हवे असल्यास तो पुन्हा जोडता येईल. काढलेला जुना जोडही तो फेकत नाही. पिशवीत घालून, तारीख लिहून, त्याच खोक्यात ठेवतो.