नटाची निवृत्ति

उत्तनच्या किनाऱ्यावरील कोळी पावसाळा आला कीं होड्या ओढून वर काढतो आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतो. त्याचा विसावा समुद्र ठरवितो. सरकारी नोकराचा विसावा नियम ठरवितो. नटाचा विसावा त्याचा त्यानेंच ठरवावयाचा असतो, आणि नेमकें तेंच त्याच्या हातून होत नाहीं. कीर्तीचा लोभ सुटत नाहीं, असें म्हणून लोक मोकळे होतात. मराठी रंगभूमीचा इतिहास चाळला असतां आम्हांस हें कारण अपुरें वाटतें.

१९२१ च्या जुलैंत मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं संयुक्त ‘मानापमान’ झालें. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. पुढें तीन महिन्यांच्या आंतच केशवराव वयाच्या एकतिसाव्या वर्षीं निवर्तले आणि रसिकांच्या स्मृतींत कायमचे तरुण राहिले. नारायणराव आणखी ४६ वर्षें जगले; पण लोकांना हवी होती ती भामिनीच.

नारायणराव वेळींच कां थांबले नाहींत? १९१३ सालीं टेंबे व बोडस यांच्या भागीदारींत निघालेल्या गंधर्व मंडळीचा सारा भार पुढें त्यांच्या एकट्यावर पडला. कर्जहि त्यांच्याच शिरावर आलें. नायिका तेच आणि मालकहि तेच. त्यांनीं शालू उतरविला असता तर गवयी, सारंगिये, पडदेवाले, आचारी या साऱ्यांच्या चुली विझल्या असत्या. अशा नटास निवृत्ति म्हणजे दिवाळें!

काळानें सूचना दिली नव्हती असें नाहीं. १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या. १९३५ सालीं प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या बोलपटांत नारायणराव एकनाथ झाले. सत्तेचाळिसाव्या वर्षीं पुरुषवेषाची ही वाट सन्मानाची होती. परंतु एका चित्रपटावरच ती संपली. ते रंगभूमीवर परतले आणि १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’ या चित्रपटांत पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हां स्त्रीवेष धारण केला. यांत दोष त्यांचा किती आणि आमचा किती? एकेका पदास वन्समोअर घेणारा जो प्रेक्षक साधें गाणें संपूं देत नाहीं, तो गाणाऱ्यास थांबूं कसा देईल?

बरें, नट थांबला म्हणजे सुटला असेंहि नाहीं. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब बेलवलकर रीतसर निवृत्त होतात, मिळकत मुलांना वांटून देतात, आणि मग त्यांना हक्काचें छप्परहि उरत नाहीं. १९७० सालीं हें नाटक रंगभूमीवर आलें तेव्हां प्रेक्षक रडले. त्या अश्रूंत थोडी अपराधाची जाणीवहि असावी, असें आम्हांस वाटतें.

१९६४ सालीं बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालें, तेव्हां त्यांचे पाय निकामी झालेले होते. १९६७ सालीं ते गेले. सन्मान योग्यच होता, परंतु फार उशीरा आला. म्हातारपणची शाल हें निवृत्तीचें साधन नव्हे. नट ऐन भरांत असतांना त्याच्या उतारवयाची तजवीज व्हावी, आणि त्यानें पडदा पाडावयाचें म्हटलें कीं प्रेक्षकांनीं कृतज्ञतेनें उठावें. पहिलें काम मंडळ्यांचें व सरकारचें आहे. दुसरें सर्वस्वी आमचें आहे.