ब्रिटन बेटाचे १३ जादुई खजिने : वेल्सच्या दंतकथांमधल्या वस्तू नेमक्या काय करायच्या?

राजा आर्थर म्हटलं की आपल्याला दगडात रुतलेली तलवार आठवते. पण वेल्सच्या जुन्या हस्तलिखितांमध्ये जादुई वस्तूंची एक वेगळीच यादी सापडते. तिचं नाव 'ब्रिटन बेटाचे तेरा खजिने'. आर्थरची प्रसिद्ध तलवार या यादीत नाही. त्याच्या नावावर आहे ती एक शाल, जी पांघरली की माणूस दिसेनासा होतो.

यादीत काय काय आहे?

• ऱ्हदेर्ख हायलची तलवार 'दर्नविन' : कुलीन माणसाने उपसली की तिचं पातं पेट घ्यायचं. राजा ती मागेल त्याला द्यायला तयार असे, पण हा गुण कळला की कुणी हात लावत नसे. 'हायल' म्हणजे उदार.

• ग्विद्नोची टोपली : एका माणसाचं अन्न ठेवा, उघडाल तेव्हा शंभर जणांचं मिळेल. आपल्याला इथे द्रौपदीची थाळी आठवणारच.

• दर्नुख राक्षसाची कढई : भित्र्या माणसासाठी ठेवलेलं मांस त्यात कधीच शिजत नाही, शूरासाठी ठेवलेलं लगेच शिजतं.

• तिदवालची सहाण : शूराच्या तलवारीला धार लावते, भित्र्याच्या नाही.

• पादार्नचा अंगरखा : खानदानी माणसाला बरोबर बसतो, इतरांना बसत नाही.

• ग्वेनदोलायचा पट : सोन्याचा पट, चांदीच्या सोंगट्या. मांडला की डाव आपोआप सुरू.

याशिवाय हवं तिथे नेणारा रथ, हवं ते पेय देणारं शिंग, हवा तो घोडा आणून देणारं दावं आणि जेवणाच्या पंगतीत २४ जणांना पुरणारी सुरी अशा वस्तू आहेत. वेगवेगळ्या हस्तलिखितांत यादी थोडी बदलते. नवी वस्तू आली की एखादी जुनी गळते किंवा दोन वस्तू मिळून एक धरल्या जातात. आकडा मात्र १३ च राहतो.

या वस्तू कुणाच्या?

खरी गंमत मालकांच्या नावांत आहे. यादी वेल्समध्ये लिहिली गेली, पण यातले बरेच मालक वेल्सचे नाहीत. ते 'हेन ओग्लेद', म्हणजे 'जुन्या उत्तरे'चे. आजचा दक्षिण स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंड हा तो भाग. तिथे एकेकाळी वेल्शच्या जवळची भाषा बोलली जायची. ऱ्हदेर्ख हा सहाव्या शतकातला राजा, त्याची गादी क्लाइड नदीकाठच्या डम्बार्टनच्या खडकावर होती. दाव्याचा मालक क्लद्नो आयदिन याच्या नावातलं 'आयदिन' म्हणजे आजचं एडिंबरा.

पुढे ही राज्यं एकेक करून गेली, तिथली भाषाही संपली. वेल्समधल्या लोकांनी मात्र ती नावं जपली. आपल्या हाती आलेल्या याद्या १५व्या-१६व्या शतकांतल्या आहेत, म्हणजे त्या राजांनंतर सुमारे नऊशे वर्षांच्या. जमीन गेली, पण तिथल्या राजांच्या आठवणी या वस्तूंना चिकटून राहिल्या.

खजिने गेले कुठे?

एका परंपरेनुसार जादूगार मर्लिनने हे सगळे खजिने मागितले. मालकांनी अट घातली, 'आधी ब्रानचं शिंग मिळवून दाखव.' ब्रान पक्का कंजूष, त्यामुळे हे जमणार नाही अशी त्यांची खात्री होती. मर्लिनने शिंग मिळवलं आणि सगळं घेऊन तो 'काचेच्या घरात' निघून गेला. काही कथांमध्ये हे घर वेल्सजवळच्या बार्डसी बेटावर आहे.

साहित्यावर प्रभाव

ग्विद्नोची टोपली 'किलहुख आणि ओल्वेन' या मध्ययुगीन कथेतही येते. ती आणि इतर वेल्श कथा शार्लट गेस्ट यांनी १९व्या शतकात 'माबिनोगियन' नावाने इंग्रजीत आणल्या आणि त्या जगभर पोहोचल्या. अमेरिकन लेखक लॉइड अलेक्झांडर यांच्या 'प्रिडेन' कादंबरीमालेत (१९६४ ते १९६८) दर्नविन तलवार महत्त्वाची आहे. तिच्यातल्या शेवटच्या पुस्तकाला १९६९ चं न्यूबेरी पदक मिळालं. याच मालेवरून डिस्नेने १९८५ मध्ये 'द ब्लॅक कॉल्ड्रन' हा ॲनिमेशनपट काढला.

या यादीत सोन्यानाण्यांचे ढीग नाहीत. बहुतेक वस्तू एकतर पंगत जेवू घालतात, नाहीतर माणसाची परीक्षा घेतात. राजाकडे काय असावं, याचं त्या काळचं उत्तरच या यादीत आहे : उदार हात आणि धीट मन.